‘कॅथी कम होम’ : एका नाट्याचे सामर्थ्य आणि मर्यादा

दुःखाचे आकडे वाचून माणूस क्वचितच व्याकूळ होतो. तेच दुःख एखाद्या चेहऱ्यावर उमटले, की त्याला ते टाळता येत नाही. १६ नोव्हेंबर १९६६ च्या रात्री ब्रिटनमधील लक्षावधी घरांत याचा प्रत्यय आला. त्या रात्री बी. बी. सी. ने दूरचित्रवाणीवर ‘कॅथी कम होम’ हे नाट्य दाखविले. जेरेमी सँडफर्ड त्याचे लेखक, केन लोच दिग्दर्शक व टोनी गार्नेट निर्माते.

कथा साधी आहे. कॅथी आणि तिचा लॉरीचालक पती रेज यांचा संसार उत्साहाने सुरू होतो. अपघातात रेज जायबंदी होतो, मिळकत आटते आणि एकामागून एक आसरे सुटत जातात. सासूचे दाटीवाटीचे बिऱ्हाड, भाड्याची जागा, चाकांवरचे फिरते घर आणि शेवटी निराश्रितगृह! तेथे पतीला पत्नीजवळ राहण्याची मुभा नाही. अखेर एका रेल्वे स्थानकावर अधिकारी कॅथीची मुलेही तिच्यापासून ओढून नेतात.

लोच यांनी स्टुडिओ सोडून प्रत्यक्ष रस्त्यांवर आणि चाळवजा वस्त्यांत चित्रण केले. मधूनमधून घरटंचाईची आकडेवारी ऐकविली. नाटक कोठे संपते व वार्तापट कोठे सुरू होतो, हे कळत नाही, असा आक्षेप काही टीकाकारांनी घेतला. परंतु त्यातच या कृतीचे बळ होते. ‘हे तर नाटक आहे’ असे म्हणून मन मोकळे करून घेण्याची सोय प्रेक्षकाला उरली नाही.

सुमारे एक कोटी वीस लक्ष लोकांनी ते पाहिले. १ डिसेंबर १९६६ रोजी ‘शेल्टर’ ही बेघरांसाठी झटणारी संस्था सुरू झाली. तिचा जन्म या नाट्यातून झाला, असे पुष्कळदा सांगितले जाते. वस्तुतः तिची तयारी आधीच चालू होती. नाट्याने संस्था निर्माण केली नाही. तिची हाक ऐकणारे कान मात्र निर्माण केले.

तथापि, बेघर कुटुंबांना निवारा देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकणारा कायदा व्हावयास १९७७ साल उजाडले. लोच यांनाही पुढे आपली कृती अपुरी वाटली. जमिनीची मालकी, बांधकामाचा धंदा आणि त्यामागील भांडवल या मूळ प्रश्नांना तिने हात घातला नाही, असे त्यांचे मत होते. अश्रूंनी दार उघडते. पण घर बांधावयास विटाच लागतात.