बागा सांभाळणारी माणसे : पुण्याच्या उद्यान खात्याची पाऊणशे वर्षे

पुण्यातल्या बहुतेक बागांच्या दाराशी कोनशिला असते. महापौर, आयुक्त, स्थायी समितीचे अध्यक्ष, प्रभागाचे नगरसेवक अशी नावे तिच्यावर कोरलेली असतात. बागेचे कुलूप रोज सकाळी कोण काढतो, हिरवळीला पाणी कोण देतो, वाळकी फांदी कुणाच्या डोक्यात पडण्याआधी कोण उतरवतो, हे त्या दगडावरून कळत नाही. १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महानगरपालिका अस्तित्वात आली, त्याला आता पाऊणशे वर्षे होऊन गेली. तेव्हा हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या असलेल्या सार्वजनिक बागा आज दोनशेच्या वर आहेत. बागांविषयी बरेच लिहिले गेले आहे. हा मागोवा त्या सांभाळणाऱ्यांच्या कामाचा आणि नोकऱ्यांचा आहे.

पुण्याला बागांची सवय जुनी. नानासाहेब पेशव्यांनी आंबील ओढा वळवून पर्वतीच्या पायथ्याशी तळे केले, तळ्यातल्या बेटावर पुढे १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या काळात गणपती बसला, आणि जवळच पेशव्यांचा शिकारखाना होता. जनावरांना चारा-पाणी करणारे, बागाईत राखणारे, हत्तींची देखभाल करणारे लोक तेव्हाही पगारी होते. मात्र ते सरकारच्या हौसेसाठी राबत होते. सामान्य माणसाने संध्याकाळी फिरायला यावे म्हणून कुणी नोकरीवर असणे, ही गोष्ट इंग्रजी अमदानीतली.

त्या काळातला एक माणूस मला महत्त्वाचा वाटतो. गणेशखिंडीत १८७३ मध्ये सरकारी वनस्पती उद्यान सुरू झाले आणि त्याची व्यवस्था जी. मार्शल वुड्रो यांच्याकडे आली. ते कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकवतही. हिंदुस्थानातल्या बागकामावर त्यांनी लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. बाग ही नुसती शोभेची जागा नसून रोपे तयार करण्याची, पारखण्याची आणि माणसे घडवण्याची जागा आहे, हा विचार त्या बागेमागे होता. एम्प्रेस गार्डन चालवणाऱ्या अ‍ॅग्री हॉर्टिकल्चरल सोसायटीनेही तोच धागा पुढे नेला. दर जानेवारीत तिथे भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनात बक्षीस मिळवणे हा पुण्यातल्या माळ्यांच्या दृष्टीने अजूनही मोठा मान आहे. गणेशखिंडीच्या बागेला २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, हे त्या जुन्या निगराणीचे फळ म्हणायला हरकत नाही.

महापालिकेने १९५३ मध्ये पेशवे पार्क उभे केले आणि खात्यातल्या कामांचे रूप एकदम बदलले. तोवर माळी, बिगारी आणि रखवालदार एवढ्यांवर बागेचे भागत होते. आता वाघ आले, अस्वले आली, हत्ती आला, पाणपक्षी आले. त्यांच्यासोबत प्राणीपालक, माहूत आणि जनावरांचे डॉक्टर आले. तिकीट फाडणारा आला. १९५६ मध्ये फुलराणी ही मुलांची छोटी गाडी सुरू झाली आणि बाग सांभाळणाऱ्या खात्याला चक्क आगगाडीचा चालक लागला. पन्नाशीच्या आणि साठीच्या दशकात वाढलेल्या पुणेकर मुलांना विचारा, त्यांना महापौरांचे नाव आठवणार नाही, पण फुलराणीच्या इंजिनात बसलेला माणूस आठवेल. गाडी सुटण्याआधी तो मागे वळून सगळ्या डब्यांवर नजर फिरवायचा, कुणाचा हात बाहेर असेल तर नुसते बोट दाखवायचा, आणि हात आत जायचा.

पिंजऱ्यातल्या जनावराची नोकरी वेगळीच. तिला रविवार नाही, दिवाळी नाही. सकाळी पिंजरा धुताना कालचे खाणे किती उरले आणि लीद कशी पडली हे पाहूनच प्राणीपालकाला जनावराची तब्येत कळते. डॉक्टर येतो तो नंतर, आणि त्याचा पहिला प्रश्न प्राणीपालकालाच असतो. शहराच्या मध्यावर, वाहनांच्या आवाजात आणि जेमतेम सात एकरांत एवढी जनावरे ठेवणे हे पुढे चुकीचेच ठरले. कात्रजला नीलिमकुमार खैरे यांनी १९८६ मध्ये सर्पोद्यान सुरू केले होते. तिथेच १९९९ मध्ये राजीव गांधी प्राणिसंग्रहालय उघडले, १३० एकरांचे. पेशवे पार्कातली उरलेली जनावरे २००५ पर्यंत तिकडे हलवली गेली. वर्षानुवर्षे एका आवाजाला, एका वासाला सरावलेले जनावर नव्या जागी रुजवायचे तर ओळखीचा माणूस जवळ हवा. म्हणून असे स्थलांतर हे पिंजऱ्यांइतकेच प्राणीपालकांचेही काम असते.

त्या कामाची जोखीम शहराला पुन्हा कळली ती मार्च २०२४ मध्ये. विलगीकरणात ठेवलेला एक बिबट्या कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातच पिंजऱ्यातून निसटला. आसपासच्या वस्तीत घबराट झाली, शोधाशोध झाली आणि दुसऱ्या दिवशी त्याला पकडले. बातम्या बिबट्याच्या झाल्या. पण रात्रभर बॅटरी घेऊन झुडपे तपासणाऱ्यांत महापालिकेचे कर्मचारी होते, हे लक्षात ठेवायला हवे.

आता खात्याच्या मुख्य माणसाकडे, माळ्याकडे येतो. पदांची उतरंड साधी आहे. सगळ्यांत खाली बिगारी, त्यावर माळी, मग मुकादम, मग हॉर्टिकल्चर मिस्त्री, सहायक उद्यान अधीक्षक, उद्यान अधीक्षक आणि सर्वांत वर मुख्य उद्यान अधीक्षक. अधीक्षक कृषी किंवा उद्यानविद्येचा पदवीधर असतो. माळी बहुधा कामावरच शिकलेला. वर्षभराचे माळी-प्रशिक्षण घेऊन आलेलेही काही असतात, पण बागेचे खरे शिक्षण तीन-चार पावसाळे एकाच जागेवर काढल्याशिवाय होत नाही.

सारसबागेच्या हिरवळीवर भल्या सकाळी गेलात तर हे शिक्षण डोळ्यांनी दिसते. पाइप हातात धरलेला जुना माळी एका जागी फार वेळ थांबत नाही. उताराकडचा भाग आधी भिजवतो, खोलगट भागाला पाणी जेमतेम दाखवतो, कारण वरचे पाणी तिकडे आपोआप येणार असते. जिथे लोक पायवाट पाडतात तिथली माती तो खुरप्याने आधी मोकळी करतो आणि मगच ओली करतो. बायका ओळीने बसून लव्हाळा उपटत असतात. लव्हाळा वरून तोडला तर आठवड्यात परत येतो, खालची गाठ निघाली पाहिजे, म्हणून प्रत्येक मुळाशी खुरप्याचे टोक तिरके घालावे लागते. हे काम यंत्राने होत नाही. याच बागेत दिवाळीच्या पहाटे हजारो लोक जमतात, आणि सूर्य वर आल्यावर त्या हिरवळीची काय अवस्था झालेली असते ते या बायकांना विचारावे.

वर्षाचे वेळापत्रकही असेच डोक्यात असते. मे महिन्यात धोक्याच्या फांद्या उतरवायच्या, जून-जुलैत लागवड, ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी, थंडीच्या तोंडावर हंगामी फुलांची रोपे वाफ्यातून बाहेर काढायची. वृक्ष प्राधिकरणातर्फे संभाजी उद्यानात भरणारे फळे, फुले आणि भाजीपाल्याचे प्रदर्शन डोळ्यांपुढे ठेवून कुंड्या महिनोन्‌महिने आधी तयार कराव्या लागतात. गुलाबाचा डोळा भरणे, गुटी बांधणे, कुठल्या झाडाला कधी ताण द्यायचा हे ओळखणे, ही कौशल्ये एका माळ्याकडून दुसऱ्याकडे जात आली.

खात्याच्या नोकऱ्यांना सगळ्यांत मोठे वळण मिळाले ते एका कायद्याने. महाराष्ट्राने १९७५ मध्ये नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या जतनाचा कायदा केला. वृक्ष प्राधिकरण आले, वृक्ष अधिकारी आला. झाड तोडायला परवानगी, तिच्यासाठी स्थळपाहणी, हरकतींसाठी नोटीस, तोडलेल्याच्या बदल्यात नवी लागवड आणि दर पाच वर्षांनी वृक्षगणना. जो अधीक्षक पूर्वी सकाळभर बागेत फिरत असे, त्याच्या टेबलावर अर्जांचे गठ्ठे आले. बिल्डरला झाड नको असते, शेजाऱ्याला फांदी नको असते, पर्यावरणवाद्याला पानही तुटायला नको असते, आणि वादळात तेच झाड पडले तर सगळे मिळून खात्याला जाब विचारतात. कायदा आवश्यक होता आणि आजही आहे. त्याच्यामुळे शहरात कितीतरी जुने वड-पिंपळ उभे राहिले. पण कायद्याने कामे जितकी वाढवली तितकी माणसे दिली गेली नाहीत.

नव्वदीनंतर बागांची कल्पना बदलली. यशवंत खैरे उद्यान अधीक्षक असताना शहराला वेगवेगळ्या विषयांवर बेतलेल्या बागांची ओळख झाली. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान हे त्याचे सर्वांत सुंदर उदाहरण. जपानमधल्या ओकायामा शहराशी पुण्याचे मैत्र आहे. तिथले कोराकुएन हे तीनशे वर्षांपूर्वीचे उद्यान डोळ्यांपुढे ठेवून दहा एकरांत ही बाग घडवली. तिथे फुलांचे ताटवे नाहीत. पाणी, दगड, उंच-सखल हिरवळ आणि गोलाकार कापलेली झुडपे यांवर सगळे उभे आहे. म्हणजे कात्री चालवणाऱ्याचा हात जरा इकडेतिकडे झाला की बागेचा तोल गेला. अशा बागेला तोच माळी वर्षानुवर्षे लागतो.

आणि नेमक्या याच काळात तोच माळी मिळेनासा झाला. १९९७ मध्ये ३८ गावे महापालिकेत आली, त्यातली काही पुढे वगळली गेली. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली आणि हद्द ५१६ चौरस किलोमीटरवर गेली. प्रत्येक प्रभागाला बाग हवी होती, ती मिळालीही. मात्र आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या वर गेला की भरतीला अडसर येतो, हा राज्य सरकारचा दंडक आहे. निवृत्त माळ्याची जागा रिकामी राहू लागली आणि नव्या बागा निविदा काढून ठेकेदारांकडे दिल्या गेल्या. सुरक्षारक्षक ठेक्याचे, सफाई ठेक्याची, माळीकामही ठेक्याचे.

ठेक्यावरच्या माणसांचा यात काडीचाही दोष नाही. ते तितकेच कष्ट करतात, बहुतेकदा कमी पैशांत. पण ठेका वर्षा-दोन वर्षांनी बदलतो, माणसेही बदलतात. गेल्या उन्हाळ्यात कुठला कोपरा वाळला, कुठल्या झाडाच्या बुंध्यात पोकळी आहे, कुठल्या नळाला सायंकाळी दाब नसतो, हे नव्या माणसाला कोण सांगणार? १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने वेतनाची अंतिम जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे इथे महापालिकेवर टाकली. तरी भविष्य निर्वाह निधी आणि बोनस यांसाठी कामगारांना वारंवार महापालिकेच्या दारात बसावे लागते. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्याने नगरपालिकांना बागांची कामे निविदेने द्यायला लावली आणि तिथला पार्ककीपर नावाचा, बागेत राहणारा आणि प्रत्येक मुलाला ओळखणारा माणूस जवळजवळ नाहीसा झाला. पुढे तिथल्याच लोकांनी त्याची हळहळ केली. आपल्याला तो अनुभव फुकट मिळालेला होता. तो आपण वापरला नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत बागांना कुलपे लागली. ती नोव्हेंबरात टप्प्याटप्प्याने निघाली आणि पुढच्या वर्षी पुन्हा लागली. माणसांवाचून बाग राहू शकते, पाण्यावाचून राहत नाही. म्हणून मोजके कर्मचारी त्या दिवसांतही पास खिशात घालून येत होते. बागा पुन्हा उघडल्या तेव्हा हिरवळ जिवंत होती. ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर परतले, हास्यक्लबांचे हसू परत ऐकू आले. त्या सकाळी माळ्याचे आभार मानणारे थोडे होते, पण होते.

माझे मत स्पष्ट आहे. प्रत्येक मोठ्या बागेला निदान एक कायम माळी आणि एक कायम मिस्त्री असलाच पाहिजे. बाकीची कामे ठेक्याने चालली तरी बागेची माहिती असणारा माणूस तिथे राहील आणि येणाऱ्यांना शिकवील. कात्रजच्या प्राणीपालकांच्या बाबतीत तर यावर चर्चाही व्हायला नको.

पुण्यात २००६ पासून नागरिकांना प्रभागातल्या कामांसाठी अंदाजपत्रकात सूचना देता येतात. आपण तिथे बाक मागतो, पदपथ मागतो, दिवे आणि व्यायामाची साधने मागतो. यंदा क्षेत्रीय कार्यालयात जाल तेव्हा एक वेगळा कागद सोबत द्या. तुमच्या बागेत किती कायम माळी मंजूर आहेत, त्यातले किती प्रत्यक्ष कामावर आहेत आणि रिकाम्या जागा कधी भरणार, एवढे तीन प्रश्न त्यावर लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.