घोड्यांच्या कुरणांतील रॅगवर्ट

चराऊ रानांत उगवणारीं बहुतेक तणें गवताची जागा अडवितात, एवढाच त्यांचा अपराध असतो. इंग्लंडांतील रॅगवर्ट मात्र निराळ्या वर्गांत मोडतें. शेवंतीच्या कुळांतील हें झाड दिसण्यांत सुरेख आहे. पहिल्या वर्षीं तें जमिनीलगत पानांचें चक्र पसरून राहतें. दुसऱ्या वर्षीं कमरेइतकें वाढून उन्हाळ्यांत त्यास पिवळ्या फुलांचे झुपके येतात. १९५९ च्या कायद्यानें तेथें ज्या पांच वनस्पति उपद्रवी तण म्हणून ठरविल्या, त्यांत याची गणना आहे. बाकीच्या चारांपैकीं दोन काटेरी थिसल, व दोन आमच्या चुक्याच्या जातीच्या डॉक. या चारांनीं कुरण निकस होतें. रॅगवर्टनें घोडा जातो.

या झाडांत पायरोलिझिडीन वर्गाचीं अल्कलॉइड द्रव्यें असतात. तीं पोटांत गेलीं म्हणजे यकृतांत त्यांचें रूपांतर होऊन खरें विष तेथेंच तयार होतें, आणि नव्या पेशी उत्पन्न करण्याची यकृताची शक्ति नष्ट होते. मेलेल्या पेशींची जागा तंतुमय व कठीण बनत जाते. यकृत हा अवयव मोठा सोशिक. त्याचा बहुतेक भाग निकामी होईपर्यंत घोडा बाहेरून धडधाकट दिसतो. मग तो एकाएकीं रोडावतो, त्याच्या पांढऱ्या कातडीवर उन्हाचे चट्टे उठतात, तो वरचेवर जांभया देतो, भिंतीस डोकें टेकून उभा राहतो, किंवा दिशा न पाहतां चालतच सुटतो. या अवस्थेस पोहोंचलेलें जनावर सहसा वांचत नाहीं. विष पोटांत गेल्यास तोंवर कित्येक आठवडे, कधीं महिने लोटलेले असतात. म्हणून धनी कालच्या चाऱ्याला दोष देतो.

उभें झाड कडू असल्यामुळें गवत पुरेसें असतां घोडा त्यास तोंड लावीत नाहीं. खरा धोका गंजींत आहे. झाड वाळलें कीं कडूपणा जातो, विष मात्र जसेंच्या तसें राहतें. आणि गवताबरोबर कापून बांधलें गेलेलें तण घोड्यास निवडून टाकतां येत नाहीं. याच कुरणांतील बटरकपची गोष्ट नेमकी उलट. तें ओलें असतां तोंड पोळतें, परंतु वाळतांच त्याचा दाहक गुण उडून जातो व त्या गवतापासून कांहीं अपाय होत नाहीं. नेच्याच्या जातीचें ब्रॅकन ओलें काय, वाळलें काय, दोन्ही प्रकारें वाईट. तेव्हां ‘वाळला म्हणजे निर्दोष झाला’ हा समज एका तणापुरता खरा व दुसऱ्याच्या बाबतींत प्राणघातक आहे. गवत कापण्यापूर्वीं सबंध कुरण पायीं फिरून पाहणें, हें या कामांतील निम्म्याहून अधिक काम होय.

झाड उपटावयाचें तें पाऊस पडून जमीन मऊ झाली असतां, हातमोजे घालून व मुळासकट. राहिलेल्या मुळाच्या तुकड्यांतून पुन्हां फूट येते. नुसतें कापल्यानें तर तें अधिकच चिवट होतें, व दोन वर्षांत संपणारें झाड पुढें कित्येक वर्षें टिकतें. उपटलेलीं झाडें कुरणांत पडूं देऊं नयेत. तीं तेथें वाळलीं म्हणजे घोडा खातो. शिवाय फुलांत आलेल्या झाडाचें बीं उपटल्यावरही पिकतें. २,४-डी सारखें औषध पानांच्या चक्रावर चांगलें लागू पडतें, पण त्यानें क्लोव्हरही मरतो. आणि फवारलेलें झाड सुकतांना जनावरांस अधिक रुचकर लागतें. तें कुजून नाहींसें होईपर्यंत घोडे आंत सोडूं नयेत.

एवढें करूनही जमीन उघडी राहिली तर श्रम फुकट जातात, कारण मातींतलें बीं वर्षानुवर्षें जिवंत राहतें व प्रकाश मिळतांच उगवतें. घोड्याची चरण्याची रीतच अशी, कीं एक जागा तो मुळापर्यंत खरवडतो आणि जेथें लीद टाकतो तेथें चरत नाहीं. यास्तव लीद उचलावी, कुरणाचे भाग पाडून आळीपाळीनें चारावें, आणि मधूनमधून गुरें सोडावीं. मेंढ्यांस हें विष कमी बाधतें म्हणून त्यांच्याकडून झाड खाववितात. परंतु त्याही अगदींच सुरक्षित नव्हेत.

समूळ उच्छेद मात्र कायदाही मागत नाहीं. हें तेथील मूळचें झाड असून अनेक कीटक त्यावर जगतात. २००३ च्या कायद्यानंतर इंग्लंडांत निघालेल्या नियमावलींत चराऊ रानापासून ५० मीटरांच्या आंतील रॅगवर्ट अधिक धोक्याचें, १०० मीटरांपलीकडचें कमी धोक्याचें मानलें आहे. ही वांटणी आम्हांस समंजस वाटते.

आपल्याकडे माळावर, बांधावर वाढणारा खुळखुळा याच वर्गाचें विष बाळगतो. ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली प्रदेशांत त्याच्या जातींनीं घोडे अशाच यकृतरोगानें मेलेले आहेत. १९७५ च्या सुमारास, तेव्हां मध्यप्रदेशांत असलेल्या सरगुजा जिल्ह्यांत गोंदली या बारीक धान्यांत खुळखुळ्याचें बीं मिसळलें गेलें, आणि तेथें माणसेंच दगावलीं. हिरवळीच्या खतासाठीं आपण पेरतों तो तागही त्याच वंशांतला. त्याचें बीं घोड्याच्या दाण्यांत येऊं देऊं नये, आणि माळाचें गवत कापण्यास माणसें घालण्यापूर्वीं शेंगा वाजूं लागलेला खुळखुळा वेगळा काढून जाळावा.