संशोधन अनुदान प्रस्तावांचा इलेक्ट्रॉनिक प्रवास व मंजुरी : ग्रामीण महाविद्यालयांच्या संदर्भात

प्रस्तावना

नीरा डावा कालवा बारामती व इंदापूर तालुक्यांतून वाहतो. या कालव्याच्या लाभक्षेत्रात उसाखालील जमिनी क्षारपड होणे हा जुना प्रश्न आहे. सांगवी परिसरातील जमिनींचा या दृष्टीने अभ्यास करू इच्छिणाऱ्या अध्यापकाला मातीचे नमुने पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर असे दोनदा घ्यावे लागतात. त्याचा अनुदान प्रस्ताव एखाद्या टेबलावर दोन महिने पडून राहिला आणि पावसाळ्यापूर्वीचा हंगाम निघून गेला, तर वाया जाते ते संपूर्ण वर्ष. म्हणूनच प्रस्तावाच्या प्रवासाचा प्रश्न कार्यालयीन सोयीपुरता मर्यादित नाही. तो संशोधनाच्या संधीचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात हा प्रवास व त्यातील मंजुरी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करण्याचे स्वरूप, कायदेशीर आधार व अडचणी यांचा विचार केला आहे.

पारंपरिक पद्धती

महाराष्ट्र विद्यापीठ कायदा, १९९४ अन्वये विद्यापीठांत महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळ कार्यरत होते. पुणे विद्यापीठाच्या या मंडळामार्फत संलग्न महाविद्यालयांतील अध्यापकांना संशोधनासाठी अनुदान दिले जात असे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लघु संशोधन प्रकल्पांचे प्रस्ताव प्राचार्यांमार्फत आयोगाच्या पुणे येथील पश्चिम विभागीय कार्यालयाकडे जात. बारामतीपासून पुणे सुमारे १०० किलोमीटर आहे, तर इंदापूरहून ते अंतर आणखी वाढते. शेवटच्या दिवशी प्रस्ताव घेऊन एस.टी.ने पुणे गाठणे आणि आवक विभागाची पोच घेऊन परतणे हा ग्रामीण अध्यापकाच्या संशोधनाचाच एक भाग होऊन बसला होता.

मात्र या पद्धतीतील सह्या निरर्थक नव्हत्या. विभागप्रमुखाच्या सहीने अध्यापनाचा कार्यभार सांभाळून प्रकल्प पूर्ण होऊ शकेल, हे मान्य होते. महाविद्यालयाची संशोधन समिती विषयाची योग्यता तपासते. लेखा विभाग अंदाजपत्रक नियमांत बसते की नाही, ते पाहतो. प्राचार्य जागा, उपकरणे व हिशेब यांची संस्थेच्या वतीने हमी देतात. पुढे विनियोग प्रमाणपत्रही संस्थेच्याच नावाने द्यावे लागते. थोडक्यात, प्रत्येक सही ही स्वतंत्र जबाबदारी आहे. पद्धती बदलताना सहीमागील ही जबाबदारी टिकविणे आवश्यक ठरते.

अर्धवट संक्रमण

अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने १९९४ मध्ये ‘फास्टलेन’ ही प्रणाली प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. तेथील विविध संघीय खात्यांच्या अनुदानांसाठी ‘ग्रँट्स डॉट गव्ह’ हे समान संकेतस्थळ २००३ मध्ये सुरू झाले. भारतात विज्ञान व तंत्रज्ञान विभाग, तसेच २००८ च्या कायद्याने स्थापन झालेले विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ यांनीही प्रस्ताव संकेतस्थळावरून स्वीकारले. हे मंडळ पुढे २०२३ च्या कायद्यानुसार अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये विलीन झाले.

तथापि, येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घ्यावा लागतो. मंडळाकडे प्रस्ताव इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दाखल होत असला, तरी संस्थाप्रमुखाचे शिफारसपत्र स्वाक्षरी घेऊन, स्कॅन करून जोडावे लागे. म्हणजे शेवटचा टप्पा इलेक्ट्रॉनिक झाला, पण महाविद्यालयांतर्गत मंजुरी कागदावरच राहू शकली. पुण्याची किंवा दिल्लीची फेरी वाचली. परंतु विलंब जेथे होतो, ते टेबल बदललेच असे नाही.

इलेक्ट्रॉनिक प्रवासाचे स्वरूप

खऱ्या अर्थाने इलेक्ट्रॉनिक पद्धतीत प्रस्तावास आरंभीच एक क्रमांक मिळतो व त्याचा मार्ग ठरलेला असतो. प्रत्येक अधिकारी स्वतःच्या खात्यातून प्रस्ताव मंजूर करतो, शेऱ्यासह परत पाठवितो किंवा नाकारतो. कृतीची तारीख व वेळ आपोआप नोंदविली जाते. मंजुरीनंतर मजकुरात बदल केल्यास आधीच्या मंजुऱ्या रद्द होऊन प्रस्ताव पुन्हा मार्गावर येतो. कागदी नस्तीतील अंदाजपत्रकाचे एखादे पान कोणाच्याही लक्षात न येता बदलले जाऊ शकते. येथे ती शक्यता बरीच कमी होते.

दुसरा लाभ समांतर मंजुरीचा आहे. कागदी नस्ती एका वेळी एकाच टेबलावर असते. इलेक्ट्रॉनिक प्रस्ताव मात्र संशोधन समिती व लेखा विभाग एकाच वेळी पाहू शकतात. महाविद्यालय आणि माळेगाव खुर्द येथील राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेसारखी संशोधन संस्था यांनी संयुक्त प्रस्ताव करावयाचे ठरविल्यास दोन्हीकडील मंजुऱ्या एकाच वेळी चालू राहू शकतात.

कायदेशीर आधार

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४ व ५ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेख व स्वाक्षरी यांना मान्यता आहे. २००८ च्या दुरुस्तीने ‘इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी’ ही व्यापक संकल्पना आली आणि २०१५ पासून आधार-आधारित ई-साइनचा मार्ग खुला झाला. कलम १३ नुसार, उभयपक्षी वेगळे ठरलेले नसल्यास, प्राप्तकर्त्याने नेमून दिलेल्या संगणक प्रणालीत अभिलेख दाखल होतो, तीच त्याच्या प्राप्तीची वेळ होय. ग्रामीण अध्यापकासाठी ही तरतूद मोलाची आहे. कारण त्यामुळे सांगवी आणि शिवाजीनगर यांची अंतिम मुदत समान होते. परंतु शासकीय विभाग वा कायद्याने स्थापन झालेली संस्था यांनी कागदपत्रे इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच स्वीकारावीत, असा आग्रह धरण्याचा हक्क कलम ९ देत नाही. म्हणून विद्यापीठाने स्वतः ठराव करणे गरजेचे ठरते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मधील संशोधन मंडळ व माहिती तंत्रज्ञान मंडळ ही त्यासाठी योग्य व्यासपीठे आहेत.

अडचणी

१) सामायिक पासवर्ड : प्राचार्यांचा पासवर्ड कार्यालयातील लिपिकाकडे असेल, तर मंजुरी कोणी दिली हे नोंदीवरून सिद्ध होत नाही. कागदावरील सहीपेक्षाही ही स्थिती दुर्बल होय.

२) दुहेरी पद्धती : संकेतस्थळावर प्रस्ताव भरून पुन्हा छापील प्रती मागविल्यास श्रम दुप्पट होतात व प्रवासही टळत नाही.

३) मराठी मजकूर : जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलिखित केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर वाचता येत नाही. याचा फटका मराठीतून लिहिणाऱ्या अध्यापकांना बसतो.

४) वीज व जोडणी : अखेरच्या दिवशी वीज खंडित झाल्यास किंवा संकेतस्थळ संथ झाल्यास दूरच्या महाविद्यालयाची संधी हुकते.

उपाययोजना

प्रत्येक अधिकाऱ्यास स्वतंत्र खाते व इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी द्यावी. प्रत्येक टप्प्यास कालमर्यादा असावी व ती उलटल्यास प्रस्ताव वरिष्ठांच्या निदर्शनास आपोआप यावा. प्रमुखांच्या अनुपस्थितीत प्रभारी अधिकाऱ्याकडे अधिकार सोपविण्याची सोय असावी. छापील प्रतीची अट काढून टाकावी व मराठीसाठी युनिकोड अनिवार्य करावे. संकेतस्थळ बंद पडल्यास मुदतवाढीचा नियम आधीच जाहीर असावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रस्ताव कोठे व किती दिवस आहे, हे अध्यापकाला पाहता यावे.

समारोप

कागदाऐवजी पडदा आला म्हणजे पद्धती बदलली, असे होत नाही. ‘नस्ती कोठे आहे?’ हा प्रश्न विचारण्याची वेळच अध्यापकावर येऊ नये, ही या बदलाची खरी कसोटी आहे. सहीमागील जबाबदारी कायम ठेवून प्रस्तावाचा प्रवास दृश्य व कालबद्ध झाला, तर ग्रामीण महाविद्यालयातील संशोधकाला आपला वेळ कार्यालयाच्या पायऱ्यांवर न घालविता क्षारपड शेताच्या बांधावर देता येईल.