"जरा वाचून सांगा" म्हटल्यावर काय सांगावे?

दिवाळी अंकाचे दिवस जवळ आले की शेजारच्या काकू किंवा ऑफिसातले मित्र आपल्या हातात चार कागद ठेवतात: "जरा वाचून सांगा." आपण बहुतेक वेळा "छान, छान" म्हणून मोकळे होतो, नाहीतर लाल पेन काढतो. "छान" ऐकून लिहिणाऱ्याला काहीच कळत नाही. उणिवा मग अंक छापून आल्यावर पंगतीत निघतात, तेही त्याच्या पाठीमागे.

लाल पेनाचा अनुभव माझा स्वतःचा. काही वर्षांपूर्वी एका भगिनींनी कथा वाचायला दिली. त्यातली आजी नातवाला विचारते, "काय करून राहिला रे?" मी ते खोडून "काय करतो आहेस?" केले. बाईंनी मुकाट्याने कागद घेतले; पुन्हा कथा आणली नाही. इंदूरच्या घराघरांत आज्या तशाच बोलत, माझीसुद्धा! निवेदनातले शुद्धलेखन तपासणे वेगळे, आणि पात्राच्या तोंडची आपली मराठी पुण्याच्या मापाने कापणे वेगळे.

'सत्यकथा'चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रे लिहून पुनर्लेखन सुचवत. आपला तेवढा अधिकार नाही, पण रीत घेता येईल. मत कशावर हवे आहे, नुसत्या शुद्धलेखनावर की सगळ्या कथेवर, हे आधी विचारावे. दोनदा वाचावे. मग "मुलगा घरी परत का आला, ते मला कळले नाही" असे जागा दाखवून सांगावे, आवडलेलेही तसेच. "मी असतो तर शेवट असा केला असता" हे टाळावे, कथा त्यांची आहे. बोलणे एकट्यात व्हावे, सुनेच्या कवितेवर सासूबाईंसमोर तर नकोच. गेलेल्या आईवरचा लेख असेल, तर पहिल्याच दिवशी ऱ्हस्व-दीर्घ काढू नये. आणि वेळ नसेल तर लगेच नाही म्हणावे. कागद महिनाभर कपाटात राहिले, तर लिहिणारा त्याचा वाईटच अर्थ काढतो.

लेखकानेही लगेच "मला तसे म्हणायचे नव्हते" म्हणून वाद घालू नये. सगळे मानलेच पाहिजे असे नाही. पण दोन वाचक एकाच जागी अडले, तर ती जागा पुन्हा पाहावी.

त्या भगिनींना यंदा मी स्वतः फोन करून कथा मागितली आहे. "बघते" म्हणाल्या.