डोक्यास मार लागलेला विद्यार्थी

आवारातील चिंचेवरून मुलगा पडतो, क्षणभर त्यास काही सुचत नाही, मग तो उठून धूळ झटकतो आणि गुरुजींनी विचारताच "काही झाले नाही" असे सांगून वर्गात येऊन बसतो. खोक पडली तर तीस पट्टी बांधली जाते; परंतु कवटीच्या आत झालेली इजा दिसत नाही, आणि पुष्कळदा तीच अधिक घातक असते.

मेंदू अत्यंत मऊ असून कवटीच्या आत एका पातळ द्रवात तरंगत असतो. धावती मोटार एकाएकी थांबली म्हणजे आतील माणसे पुढे फेकली जातात, तद्वतच डोके आपटल्यावर मेंदू हिसका खाऊन कवटीवर आदळतो. मार डोक्याच्या मागे लागावा आणि इजा कपाळाकडील भागास व्हावी, असे घडते ते यामुळेच. कधी आत रक्तस्राव सुरू होतो. कवटी ताठर, साचणाऱ्या रक्तास वाट नसल्याने मेंदूच दाबला जातो. हे रक्त सावकाश साचल्यास मूल काही तास बोलतेचालते राहून मग एकाएकी बेशुद्ध होऊ शकते. हा मधला काळ फार फसवा असतो.

म्हणून मार लागल्यापासून निदान एक दिवस व एक रात्र मुलाकडे कोणाचे तरी लक्ष हवे. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, बरळणे, एका हातापायातील शक्ती जाणे, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, नाकाकानांतून पाण्यासारखा द्रव वा रक्त येणे, हाका मारूनही नीट जाग न येणे, यांपैकी एकही लक्षण दिसताच रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. कांदा वा वहाण हुंगविण्यात वेळ दवडू नये, अर्धवट शुद्धीतील मुलाच्या तोंडात पाणी घालू नये, आणि मानेस इजा असण्याचा संभव असल्याने त्यास ओढून उठवू नये. साध्या क्ष-किरण चित्रात हाड दिसते, मेंदू नव्हे. आतील रक्तस्राव सीटी स्कॅनने कळतो. तोही निर्दोष आला तरी मेंदूस हिसका बसलाच नाही असे ठरत नाही.

यानंतरचा भाग मात्र वैद्यांपेक्षा शिक्षकांच्याच नजरेस अधिक पडतो. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात १३ सप्टेंबर १८४८ रोजी सुरुंगाच्या स्फोटाने ३ फूट ७ इंच लांबीची पहार फिनिअस गेज या रेल्वेमार्गावरील मुकादमाच्या डाव्या गालाखालून शिरून टाळूतून बाहेर पडली. तो जगला, चालू-बोलू लागला. परंतु पूर्वीचा समंजस, कामात चोख मनुष्य आता उतावळा व हट्टी झाला, अशी नोंद त्याचे डॉक्टर हार्लो यांनी केली आहे. ही गोष्ट बहुधा एवढ्यावरच संपविली जाते. वस्तुतः पुढे त्याने दक्षिण अमेरिकेतील चिली देशात अनेक वर्षे घोड्यांची प्रवासी गाडी हाकली. रोजचे ठरावीक काम व ठरावीक मार्ग यांनी त्यास सावरले असावे, असे काही अभ्यासक मानतात. शिक्षकांच्या दृष्टीने हा उत्तरार्धच अधिक मोलाचा आहे.

आपल्या वर्गातील मुलाची इजा एवढी भयंकर नसेल. पण पूर्वी पाढे धडाधड म्हणणारे मूल अडखळू लागते, फळ्यावरचे उतरवून घेताना त्याचे डोके दुखते, गलबला सोसवत नाही, क्षुल्लक कारणावरून ते रडते वा मारावयास धावते. अशा मुलावर आळशीपणाचा शिक्का मारणे अन्यायाचे होय. त्यास एका वेळी एकच सूचना द्यावी, लेखन थोडे व खंड पाडून द्यावे, वर्गाचा क्रम शक्यतो रोज सारखा ठेवावा. आरंभीच्या एकदोन दिवसांच्या विश्रांतीनंतर हळूहळू अभ्यासास लावावे. महिनोन्‌महिने घरी बसविण्याने लाभ होत नाही. कबड्डी, खोखो, झाडावर चढणे मात्र डॉक्टरांच्या अनुमतीवाचून नको, कारण पहिली इजा भरून येण्यापूर्वी बसलेला दुसरा मार अधिक धोक्याचा असतो. (डोक्यात टपली मारण्याची जुनी सवय कोठे उरली असेल, तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेस मनाई केलीच आहे.)

लहान वयात मेंदू लवकर सावरतो ही समजूत अर्धीच खरी आहे. नियोजन व संयम यांचे काम करणारा कपाळामागील भाग विशीनंतरही वाढत असतो. त्यामुळे पहिलीत झालेल्या इजेची उणीव कधी पाचवी-सहावीत, अभ्यास कठीण झाल्यावर उघड होते. तेव्हा अपघाताची तारीख, वेळ व दिसलेली लक्षणे त्याच दिवशी लिहून एक प्रत पालकांस द्यावी, आणि मूल वरच्या वर्गात जाईल तेव्हा ती नोंद पुढील शिक्षकांच्या हाती सोपवावी.