जुन्या मोटारीत नातवंडाचे आसन

सुट्टीत नातवंड सुरतेहून किंवा पुण्याहून नंदुरबारला येते, तेव्हा त्याचे मोटारीतले खास आसनही सोबत येते. मुलाच्या नव्या गाडीत ते खटकन बसते. आपल्या दारातल्या 15 वर्षे जुन्या गाडीत मात्र त्याचे दोन पोलादी हात अडकवायला कड्याच सापडत नाहीत. मग ‘जवळच तर जायचे आहे’ म्हणत बाळ आजीच्या मांडीवर जाते. मांडीची ऊब खरी. परंतु ताशी 50 किलोमीटर वेगात धडक बसली, तर 10 किलोच्या बाळाला धरून ठेवणे धडधाकट तरुणालाही साधणार नाही. 2019च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातही 14 वर्षांखालील मुलाला पट्टा वा बालआसनाविना नेल्यास 1,000 रुपये दंड आहे.

त्या कड्यांना आयसोफिक्स म्हणतात. त्या नसल्या तरी हताश होऊ नका. अनेक आसने कंबर आणि खांदा दोन्हींवरून जाणाऱ्या पट्ट्यानेही बांधता येतात. आपले आसन त्यांतले आहे का, हे त्यावरील लेबल सांगते. गॅरेजमध्ये कड्या वेल्ड करून घेण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा.

आधी मागच्या सीटचा पट्टा पूर्ण ओढून पाहा. तो विरलेला असेल, झटका देऊनही अडकत नसेल, तर बदलावा. नुसता कमरेचाच पट्टा असेल, तर बहुतेक आसने तेथे चालत नाहीत. जुन्या गाड्यांत आणखी एक अडचण येते: बकलाचा दांडा लांब असला की बकल आसनाच्या कडेवर येऊन टेकते आणि धक्क्याने उघडू शकते. अशा वेळी दुसरी बाजू किंवा दुसरे आसन पाहावे.

बांधताना आसनावर गुडघा दाबून पट्टा ताणा. जेथून पट्टा जातो तेथे धरून हलवले असता आसन बोटभराहून अधिक सरकू नये. खाली उशी किंवा गोधडी घालू नये. पाठीकडे तोंड असलेले आसन चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये. तोरणमाळच्या थंडीत बाळाला आधी पट्टे लावावेत, शाल वरून पांघरावी. जाड कपड्यांवरचा पट्टा सैल राहतो.

लाल बटण दाबायला पुष्कळ जोर लागतो. सांधे दुखणाऱ्या आजी-आजोबांनी पाहुणे येण्यापूर्वीच अंगणात दोन-तीनदा ते उघडून पाहावे.