गोण्यांच्या थप्पीआड वाय-फाय

बिनतारी लॅन म्हणजे एका घरापुरते, दुकानापुरते किंवा आवारापुरते जाळे. त्यातली यंत्रे तारेऐवजी रेडिओ लहरींवरून एकमेकांशी बोलतात. कांद्याच्या बाजारपेठेसाठी देशभर ठाऊक असलेल्या लासलगावात व्यापाऱ्याच्या एखाद्या खळ्यावर वजनकाट्याजवळचा संगणक, ऑफिसातला प्रिंटर आणि मुनिमाचा मोबाइल असे जोडलेले असतील, तर ते झाले बिनतारी लॅन. बाहेरची इंटरनेटची लाइन तुटली तरी काट्यावरची पावती प्रिंटरवर निघू शकते. वाय-फाय आणि इंटरनेट एकच, हा समज फार पक्का बसलेला आहे आणि सगळ्यात जास्त घोटाळा तोच करतो. मोबाइलवर वाय-फायचे चिन्ह पूर्ण भरलेले असूनही काहीच उघडत नसेल, तर बिघाड बहुधा बाहेरून येणाऱ्या लाइनीत असतो.

या जाळ्यांचे मूळ मानक ८०२.११ हे १९९७ साली प्रसिद्ध झाले. हा आकडा बाजारात कुणाच्या तोंडी बसणार नव्हता. १९९९ मध्ये त्याला वाय-फाय हे नाव मिळाले आणि तेच रुळले. खोक्यावर छापलेले वाय-फाय ५, वाय-फाय ६ हे आकडे त्याच मानकाच्या पुढच्या पिढ्यांचे.

यंत्रे जिथे लहरींवरून जोडली जातात तो ॲक्सेस पॉइंट. आतले जाळे बाहेरच्या जाळ्याशी जोडतो तो राऊटर. घरी ही दोन्ही कामे एकच डबा करतो, म्हणून त्याला सरसकट राऊटर म्हणतात. मोठ्या आवारात मात्र ॲक्सेस पॉइंट अनेक लागतात.

मोबाइलवर दिसणारे जाळ्याचे नाव म्हणजे एसएसआयडी. त्याला ३२ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावते. देवनागरीतले प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रा-अनुस्वारासह, सहसा तीन बाइट घेते. ‘लासलगाव’ला २१ बाइट लागतात, ते बसते. ‘लासलगाव कांदा’ ३७ वर जाते आणि बसत नाही. मराठीत नाव द्यायचे तर ते आटोपशीरच हवे.

लहरींच्या पट्ट्याला बँड म्हणतात. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची असते, ५ गिगाहर्ट्‌झची त्याच्या निम्म्याहून कमी. पहिली लांबवर पोचते. दुसरी वेगवान, पण भिंतीआड लवकर मंदावते. खळ्यावर अडचण भिंतींपेक्षा मालाची. कांद्यात जवळपास नऊ दशांश पाणी असते आणि पाणी या लहरी शोषून घेते. सकाळी रिकाम्या शेडमध्ये टोकापर्यंत मिळणारे वाय-फाय दुपारी गोण्यांच्या थप्प्या लागल्यावर त्यांच्यामागे क्षीण होते. पत्रा तर लहरी परतवूनच लावतो. म्हणून ॲक्सेस पॉइंट टेबलाखाली न ठेवता थप्पीच्या वर, उंचावर बसवावा.

बँडचे लहान भाग म्हणजे चॅनेल. २.४ च्या बँडमध्ये भारतात १३ चॅनेल वापरता येतात, पण शेजारचे चॅनेल एकमेकांवर चढतात. त्यामुळे जवळजवळच्या खळ्यांनी १, ६ आणि ११ वाटून घेतले तर एकाचा दुसऱ्याला त्रास कमी होतो.

लिलावात चार जण एकदम बोलले तरी पुकारणाऱ्याला त्यातली चढी बोली पकडता येते. वाय-फायमध्ये एकाच चॅनेलवर दोघे एकदम बोलले की बहुधा दोघांचेही बोलणे वाया जाते. म्हणून प्रत्येक यंत्र आधी ऐकते, शांतता दिसली की क्षणभर थांबते आणि मगच बोलते. मोबाइल वाढले की ही वाट पाहणे वाढते, आणि लोक म्हणतात, नेट स्लो झाले.

लहरी कुंपण मानत नाहीत, म्हणून मजकूर सांकेतिक करून पाठवावा लागतो. डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत सहज फुटते. ती वापरूच नये. २००४ ची डब्ल्यूपीए२ किंवा २०१८ ची डब्ल्यूपीए३ निवडावी. डब्ल्यूपीए२ चा पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो. दुकानाचा फोन नंबर हा पासवर्ड नव्हे, तो पाटीवरच लिहिलेला असतो.

सर्वांना जोडता येईल अशा जागेला हॉटस्पॉट म्हणतात. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत चहाची टपरी किंवा किराणा दुकानही परवाना शुल्क न भरता अशी वाय-फाय सेवा देऊ शकते.